पूर्व बंगालमधील पूरसूचना आणि स्त्रीवर्ग : एक ऐतिहासिक आलोचन

आपत्तीची पूर्वसूचना हा विषय सामान्यतः वेधशाळेच्या इतिहासाचा एक भाग म्हणून अभ्यासला जातो. वायुभारमापक केव्हा आला, तारायंत्र कोठवर पोहोचले, उपग्रहाची छायाचित्रे कधीपासून मिळू लागली, ह्या प्रश्नांची उत्तरे त्या इतिहासात व्यवस्थित सापडतात. परंतु सूचना ही जशी यंत्राची निष्पत्ती, तशीच ती एक उक्तीही असते. कोणीतरी, कोणाला तरी उद्देशून, कोणत्या तरी भाषेत ती उच्चारलेली असते. ती उच्चारताना समोर कोण आहे असे गृहीत धरले होते, एवढा एकच प्रश्न विचारला म्हणजे बंगालच्या उपसागराच्या मुखाशी वसलेल्या प्रदेशाचा, म्हणजे आजच्या बांगलादेशाचा, पूर-इशाऱ्यांचा इतिहास निराळा दिसू लागतो. ह्या इतिहासातील पहिला श्रोता जहाजाचा कप्तान होता. पुढे बाजारात बसलेला पुरुष श्रोता झाला. घराच्या अंगणातील स्त्री त्यात फार उशिरा आली. त्या उशिराचे मोल मृत्यूच्या आकड्यांत नोंदलेले आहे.

आरंभ कलकत्त्यापासून करणे इष्ट. ‘सायक्लोन’ हा शब्दच मुळी त्या शहरात घडला. हेन्री पिडिंग्टन ह्या तेथील अभ्यासकाने १८४८ मध्ये नाविकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात, सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचविणाऱ्या ग्रीक शब्दावरून तो बनविला. ह्याच पिडिंग्टनने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरलला पत्र लिहून मातला नदीवर बंदर बांधण्याच्या योजनेविरुद्ध सावध केले होते. त्याचे कोणी ऐकले नाही, आणि १८६७ च्या वादळाने पोर्ट कॅनिंगची वाताहत झाली. दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कलकत्त्यात व हुगळीच्या काठी हजारो माणसे दगावली होती. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळसूचनेची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७६ च्या ऑक्टोबरअखेर, बाकरगंजच्या किनाऱ्यावर समुद्र चढून आला आणि त्या लाटेत व मागाहून आलेल्या पटकीत मिळून सुमारे दोन लक्ष लोक मेले असे अनुमान केले जाते. बाकरगंजच्या रयतेसाठी इशाऱ्याची कोणतीही सोय त्यावेळी नव्हती. इशारा होता तो बंदरासाठी, आणि बंदरातही गोदीतील हमालासाठी नव्हे, तर नांगरलेल्या गलबतांसाठी होता. ह्यात दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. ज्याचे नुकसान विमा कंपनीच्या वहीत नोंदले जात होते, त्याला सूचना मिळाली, इतकेच.

ह्या उगमाचा ठसा भाषेवर मात्र शतकभर टिकला. बांगलादेशात सागरी बंदरांसाठी रूढ असलेली संकेतमाला १ ते ११ अशी आहे. पहिला ‘दूरवर्ती सतर्क संकेत’, दुसरा ‘दूरवर्ती हुंशियारी संकेत’, तिसरा ‘स्थानीय सतर्क संकेत’, चौथा ‘स्थानीय हुंशियारी संकेत’. येथेच भाषाभ्यासकाने थबकावे. ‘सतर्क’ हा शब्द संस्कृतातून आलेला, ‘हुंशियारी’ फारसीतून. बोलणाऱ्याच्या दृष्टीने दोहोंचा अर्थ एकच, सावध राहा. (मराठीत हाच फारसी शब्द ‘हुशारी’ होऊन बुद्धीच्या गुणाकडे वळला, दरबारी ललकारीतील ‘होशियार’ मध्ये तेवढा त्याचा जुना अर्थ शिल्लक आहे.) दोन समानार्थी शब्दांना खात्याने चढत्या धोक्याच्या दोन पायऱ्या मानले, श्रोत्याच्या मनात मात्र त्या पायऱ्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. पुढचा प्रकार तर अधिकच विलक्षण आहे. ५, ६ आणि ७ हे तिन्ही ‘विपद संकेत’. त्यांत धोक्याचे प्रमाण सारखेच. भेद आहे तो एवढाच, की वादळ बंदराच्या एका बाजूने किनारा ओलांडील, दुसऱ्या बाजूने ओलांडील, की थेट बंदरावरून जाईल. ८, ९ आणि १० ह्या ‘महाविपद संकेतां’चेही तसेच. अकरावा आकडा दळणवळण तुटल्याचा. वारा कोणत्या दिशेने फिरत येणार हे कळल्यावर नांगर कोठे टाकावा हे कप्तान ठरवू शकतो. त्याच्यापुरते ५ आणि ६ ह्यांतील अंतर जीवनमरणाचे आहे. पण भोला किंवा हातिया बेटावरील शेतकऱ्याने ५ चा आकडा ६ झालेला ऐकला म्हणजे धोका वाढला असेच तो समजणार, आणि ७ वरून खाली ६ आला म्हणजे संकट टळले असे समजून झोपी जाणार. संख्येचा स्वाभाविक अर्थ चढउताराचा असतो. तो अर्थ काढणाऱ्याला अडाणी म्हणता येत नाही.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री हे सारे एकत्र आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एक वादळ येऊन गेले होते. त्यावेळी मोठा इशारा देण्यात आला, पण भीती होती तेवढी हानी झाली नाही. त्यामुळे इशाऱ्यावरचा विश्वास उणावला होता. नोव्हेंबरच्या वादळाची वार्ता नभोवाणीवरून गेली नाही असे नव्हे. फ्रँक आणि हुसेन ह्या हवामानशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ह्या वादळावर लेख प्रसिद्ध केला. वादळ येत असल्याचे त्या भागातील सुमारे ९० टक्के लोकांना कळले होते, परंतु पक्क्या इमारतीचा आश्रय मात्र जेमतेम एक टक्का लोकांनी घेतला, असे अनुमान त्या आपत्तीसंबंधी नेहमी दिले जाते. मृतांची संख्या तीन ते पाच लक्ष सांगितली जाते. पक्क्या इमारती होत्याच किती, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. नाहीतर सगळा दोष ऐकणाऱ्याच्या माथी येतो.

ह्या आपत्तीनंतर डाक्क्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील आल्फ्रेड सॉमर व वायली मोस्ले ह्यांनी बाधित भागाची पाहणी केली. ती १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या हिशेबाने किमान २,२४,००० माणसे मेली होती. मुले, वृद्ध आणि स्त्रिया ह्यांचे मरण अधिक, कर्त्या वयाच्या पुरुषांचे सर्वांत कमी, असे त्यांना आढळले. वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांवर व मांड्यांच्या आतल्या बाजूस खोल खरचटल्याच्या जखमा होत्या. लाटेच्या ओढीत झाडाला मिठी मारून तासन् तास तग धरल्याच्या त्या खुणा. ज्याच्या बाहूंत बळ अधिक तो टिकला, अशी उपपत्ती तेव्हा मांडण्यात आली. ती चुकीची नव्हती, पण अपुरी होती. झाडाला मिठी मारण्याची पाळी माणसावर का आली, हा त्याआधीचा प्रश्न आहे. आणि मिठी मारताना कडेवर मूल कोणाच्या होते, हाही.

१९७२ मध्ये रेडक्रॉसच्या साहाय्याने वादळ-सज्जता कार्यक्रम सुरू झाला व १९७३ मध्ये नव्या राष्ट्राच्या शासनाने त्यास मान्यता दिली. सुमारे २० हजार स्वयंसेवक, ट्रान्झिस्टर, कर्णे, हाताने फिरवायचे भोंगे आणि निशाणे अशी त्याची सामग्री. एक निशाण सावधगिरीचे, दोन धोक्याची, तीन महाधोक्याची. अकरा आकड्यांच्या संकेतमालेचे हे लोकभाषेत केलेले भाषांतरच होय, आणि मूळ संहितेपेक्षा ते सरस उतरले, कारण येथे संख्येला तिचा स्वाभाविक अर्थ परत मिळाला. त्याच काळात गुराढोरांसाठी मातीचे उंच ओटे घालण्यात आले. त्यांना तेथे ‘किल्ला’ म्हणतात. मराठी वाचकाला ह्या शब्दाने सह्याद्री आठवेल. बंगालच्या सपाट किनाऱ्यावर मात्र पुरुषभर उंचीचा मातीचा ढीगही किल्ला ठरतो. पण ह्या सर्व योजनेत एक पोकळी राहिली. कर्णा घेऊन फिरणारे स्वयंसेवक जवळजवळ सर्व पुरुष होते. ते रस्त्यावरून, बांधावरून, हाटातून फिरत. निशाण लागे तेही बाजारात किंवा कचेरीपाशी. पडदा पाळणाऱ्या घरात परका पुरुष अंगणाच्या आत येत नसे. तेथे सूचना पोहोचे ती घरचा पुरुष परतल्यावर, त्याने सांगितली तर, आणि त्याने जितकी सांगितली तितकीच.

२९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगाव, सन्द्वीप, कुतुबदिया ह्या भागावर आलेल्या वादळाने सुमारे १ लक्ष ३८ हजार माणसे मारली. दहा क्रमांकाचा संकेत देण्यात आला होता. ह्यावेळी अभ्यासकांनी वयाचा व लिंगाचा हिशेब अधिक काळजीपूर्वक ठेवला. ४५ घरसमूहांतील १,१२३ व्यक्तींच्या एका पाहणीत, जी १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आली, दहा वर्षांखालील मुलांपैकी २६ टक्के व चाळिशीपुढील स्त्रियांपैकी ३१ टक्के मृत्यू पावल्याचे दिसले. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट नोंदली आहे. पक्क्या इमारतीत पोहोचलेली सर्व माणसे जगली. न पोहोचलेल्यांपैकी २२ टक्के मेली. २० ते ४४ ह्या वयोगटात दर हजारी ७१ स्त्रिया व १५ पुरुष दगावले, हा आकडाही अनेक ग्रंथांत उद्धृत झालेला आहे. ह्या वयाच्या स्त्रीचे शरीर दुबळे म्हणता येत नाही. तेव्हा बाहुबळाच्या जुन्या उपपत्तीला येथे मर्यादा पडते.

आकड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. आपत्तीत स्त्रिया पुरुषांच्या चौदापट मरतात, असे विधान अहवालांतून व भाषणांतून वारंवार येते. त्यामागे भक्कम पाहणी दिसत नाही. एका लेखातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा त्याचा प्रवास झालेला आहे. सत्पक्षाच्या बाजूने बोलणारा खोटा आकडा हा त्या पक्षाचा मित्र नव्हे. नॉयमायर व प्ल्यूम्पर ह्या दोघांनी १९८१ ते २००२ ह्या काळातील १४१ देशांच्या आकडेवारीवरून २००७ मध्ये जो निष्कर्ष काढला तो अधिक संयत व म्हणूनच अधिक उपयोगी आहे. मोठ्या आपत्तीने स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांच्या मानाने अधिक घटते, आणि जेथे स्त्रियांचा सामाजिक व आर्थिक दर्जा वरचा आहे तेथे हे अंतर कमी होते. म्हणजे हा भेद निसर्गाने घालून दिलेला नाही.

मग स्त्रिया पक्क्या इमारतीपर्यंत पोहोचल्या का नाहीत? १९९१ नंतरच्या अभ्यासांतून जी कारणे पुढे आली ती एका जातीची नाहीत. नवरा समुद्रावर किंवा बाजारात. त्याच्या संमतीवाचून घर सोडले आणि वादळ आलेच नाही, मागे चोरी झाली, तर बोल कोणाला लागणार हे तिला ठाऊक होते. आश्रयस्थानात शेकडो परक्या पुरुषांत रात्र काढायची, आणि शौचाची वेगळी सोय नाही. कोंबड्या, शेळी, बियाणे ही तिची मत्ता, आणि त्यांना आत जागा नाही. मुले दोन-तीन, हात दोन. पोहायला शिकविलेले नाही. बंगालकडील साडी कासोट्याविना नेसली जाते. ओली होऊन पायांत गुंडाळली की धावणेही कठीण, मग पाणी तोडणे तर दूरच. मोकळे केस फांद्यांत अडकल्याच्या हकिकतीही नोंदलेल्या आहेत. ह्यांतील साडीचे व केसांचे कारण वाचकांच्या मनावर पटकन ठसते, म्हणून त्यालाच सर्वांत अधिक प्रसिद्धी मिळाली. वास्तविक प्रधान कारण निर्णयाचे आहे. सूचना मिळणे आणि सूचनेवरून निघण्याचा अधिकार असणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘सुरक्षित स्थळी जा’ ह्या आज्ञार्थाचा अध्याहृत कर्ता ‘तुम्ही’ आहे. परंतु ज्या घरात ‘जाणे’ ह्या क्रियेचे कर्तृत्व तिच्याकडे नव्हतेच, तेथे हे वाक्य तिला उद्देशून पुरे होत नव्हते.

ह्या दृष्टीने १९९१ नंतर झालेले बदल पाहिले पाहिजेत. ढाक्याचे अभियांत्रिकी विद्यापीठ व विकास अध्ययन संस्था ह्यांनी १९९३ मध्ये बहुउद्देशीय आश्रयस्थानांची योजना तयार केली. एरवी शाळा, वादळात आश्रय, असे तिचे सूत्र. ह्या सूत्राचा एक परिणाम असा, की मुलांच्या निमित्ताने जिथे आईचे जाणेयेणे आधीच होते, तीच इमारत संकटात आश्रयाची झाली. अनोळखी उंबरठा ओलांडण्याचा संकोच कमी झाला. स्त्रियांसाठी स्वतंत्र खोल्या व शौचकूप ह्यांची तरतूद हळूहळू होऊ लागली, सर्वत्र सारखी नव्हे. स्वयंसेवकांच्या पथकांत स्त्रिया घेण्यात आल्या. एका टप्प्यावर पंधरांच्या पथकात पाच, आणि अलीकडे वीसांत दहा. आज ह्या कार्यक्रमात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक असून त्यांतील निम्म्या स्त्रिया आहेत. स्त्री स्वयंसेवकाचा खरा उपयोग कर्ण्याने ओरडण्यात नसतो. ती अंगणात जाऊ शकते, चुलीपाशी बसून सासूला समजावू शकते, गरोदर सुनेला आधी न्यावे हे सांगू शकते, आणि ‘तुझा मालक आला नाही तरी चालेल, तू नीघ’ एवढे म्हणू शकते. अनुपस्थित नवऱ्याची संमती येथे जणू समाजाच्या वतीने दिली जाते.

आतापर्यंतचे विवेचन समुद्राच्या लाटेसंबंधी झाले. नदीच्या पुराची गोष्ट वेगळी आहे, आणि तेथे सूचनेची भाषा आणखीच दुर्बोध. पूर-अनुमान व इशारा केंद्र १९७२ मध्ये जलविकास मंडळाच्या आधिपत्याखाली निघाले. त्याची सूचना अशी असते, की ब्रह्मपुत्रेवर बहादुराबाद येथे पाणी ‘विपद्सीमे’च्या इतके सेंटिमीटर वर आहे. ही सीमा त्या मापनस्थळाची. तेथून वीस मैलांवरच्या चरावर, म्हणजे नदीपात्रातील वाळूच्या बेटावर, राहणाऱ्या बाईला तिच्या घराच्या जोत्याशी ह्या आकड्याचा मेळ घालता येत नाही. तिचे प्रश्न निराळे आहेत. पाणी अंगणात येणार की जोत्यावर चढणार? चूल बुडणार का? नळकूप पाण्याखाली गेला तर पिण्याचे पाणी किती दिवसांचे भरून ठेवावे? सरपण कोठे टांगावे? शिवाय बंगालीत प्रत्येक पूर हा पूर नसतो. दरवर्षी येणारे, शेताला गाळ देणारे पाणी ती ‘बर्षा’. घातक ठरणारे ते ‘बन्या’. देशाचा साधारण पाचवा हिस्सा एरवीच्या वर्षीही पाण्याखाली जातो. १९९८ मध्ये मात्र सुमारे दोन तृतीयांश प्रदेश बुडाला आणि पाणी दोन महिन्यांहून अधिक काळ ओसरले नाही. बर्षेची बन्या केव्हा होणार, हेच ऐकणाऱ्याला हवे असते. विपद्सीमेचा एकच आकडा हा भेद सांगू शकत नाही.

ह्या बाबतीत महबूबा नासरीन ह्यांचा १९८८ च्या पुरावर आधारलेला प्रबंध (१९९५) मोलाचा आहे. पुरात स्त्रिया केवळ बळी ठरतात ह्या समजुतीला त्यांनी धक्का दिला. उचलून नेता येण्याजोगी मातीची चूल, उंचावर राखलेले सरपण व बियाणे, पुरवून वापरलेला शिधा ह्या गोष्टींवर कुटुंब तगते, आणि ही सर्व कामे स्त्रियांची. म्हणजे तीन दिवस आधी मिळालेल्या सूचनेचा सर्वांत अधिक उपयोग जिला करता आला असता, तिच्यापर्यंतच ती सर्वांत शेवटी पोहोचत होती. सबिना फैज रशीद व स्टेफनी मिशो ह्यांनी १९९८ च्या पुरातील वयात आलेल्या मुलींचा अभ्यास केला (२०००). कोरडी जागा नसल्याने मासिक पाळीचे कपडे धुण्या-वाळविण्याची अडचण, आडोशाअभावी होणारी कुचंबणा, आश्रयस्थानांतील पुरुषांचा उपद्रव, हे सारे त्यात आले आहे. ज्या आईने एकदा असा अनुभव घेतला, ती पुढच्या इशाऱ्याला कसा प्रतिसाद देईल ह्याचे अनुमान करणे कठीण नाही. आश्रयस्थानाची व्यवस्था हा इशाऱ्याच्या अर्थाचाच भाग असतो.

भाषेचा आणखी एक पदर आहे. इशारे प्रमाण बंगालीत प्रसृत होतात. चितगावकडील बोली प्रमाण भाषेपासून इतकी दूर आहे, की काही अभ्यासक तिला स्वतंत्र भाषाच मानतात. शाळा व बाजार ह्या दोन ठिकाणी पुरुषाला प्रमाण भाषेचा सराव होतो. जुन्या पिढीतील स्त्रीला ही दोन्ही द्वारे बंद होती. ह्याची विसंगती अशी, की बंगालमधील पाऊस-पाण्याविषयीची पारंपरिक वचने खना नावाच्या एका स्त्रीच्याच नावावर चालत आलेली आहेत. आख्यायिकेतील ह्या विदुषीची जीभ कापली गेली असे सांगतात.

महाराष्ट्रातील कृष्णा-पंचगंगेच्या काठीही सूचनेची घडण अशीच आहे. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही ‘इशारा पातळी’ व ४३ फूट ही ‘धोका पातळी’. तेथील फरक एवढाच, की पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीने किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी येते हे नदीकाठच्या लोकांना तोंडपाठ झाले आहे. आकड्याचा अर्थ खात्याने न सांगता लोकांनीच लावून घेतला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्या पाठांतराच्या पलीकडे गेले, तेव्हा तो अर्थही अपुरा पडला.

१५ नोव्हेंबर २००७ च्या ‘सिडर’ वादळात बांगलादेशात सुमारे ३,४०० माणसे दगावली. १९७० व १९९१ च्या मानाने ही घट अपूर्व होती. तरीही मृतांत स्त्रिया व मुलेच अधिक असल्याचे सांगितले जाते. २०२० च्या मे महिन्यात ‘आम्फान’ येण्यापूर्वी वीस लक्षांहून अधिक लोकांना हलविण्यात आले आणि मृत्यू काही दहांवर थांबले. दरम्यान १०९० ह्या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य दूरध्वनी करून नदीची व समुद्राची वार्ता बोलक्या शब्दांत ऐकण्याची सोय झाली. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीला ही सोय लिखित संदेशापेक्षा अधिक जवळची. परंतु ब्रह्मपुत्रेच्या चरांवरील पुरुष कामासाठी ढाक्याकडे जातात, आणि घरात दूरध्वनी एकच असेल तर तो त्यांच्या खिशातून जातो. पाणी चढण्याच्या दिवसांत चरावर राहिलेल्या घरांत सूचना ऐकायला स्त्री असते. यंत्र शेकडो मैलांवर असते.